धप्प्याची मीमांसा

न्यूटनने १६८७ साली गतीचा तिसरा नियम छापला तेव्हा दाखल्याला घेतला एक घोडा, एक दोर आणि एक दगड. घोडा दगडाला जितक्या जोराने ओढतो, तितक्याच जोराने दगड घोड्याला मागे ओढतो. दाखला बिनचूक आहे, पण कोरडा. त्याने नाशिकची रंगपंचमी पाहिली असती तर घोड्याला सुट्टी दिली असती, असे आमचे नम्र प्रतिपादन आहे.

बाहेरगावच्यांसाठी सांगतो. जुन्या नाशकात रंग धुळवडीला नव्हे, पंचमीला खेळतात, आणि तोही रहाडीत. रहाड म्हणजे भर वस्तीतला दीड पुरुष खोल हौद. वर्षभर तो फळ्या आणि माती टाकून बुजवलेला असतो. पंचमीला उघडायचा, पूजा करायची, रंग भरायचा. शनी चौक, दिल्ली दरवाजा, तिवंधा, प्रत्येकीचा रंग ठरलेला. तीत मारलेल्या उडीला धप्पा म्हणतात. तिवंध्याच्या पिवळ्या रहाडीत आमच्या मामांनी मारलेला एक धप्पा, एवढाच या प्रबंधाचा विषय. मामांचे वजन ९० किलो.

आरंभ काठावर. मामांनी काठाला पायाने मागे रेटले, काठाने मामांना पुढे रेटले. येथे पूर्वपक्ष विचारतो की, दोन्ही रेटे सारखे आणि उलट, तर ते एकमेकांना खाऊन का टाकत नाहीत? कारण ते एकाच्या अंगावर पडत नाहीत. एक रेटा काठाच्या खात्यावर, दुसरा मामांच्या. काठ गावाला बांधलेला, म्हणून हलले ते मामा. काठ रंगाने निसरडा असेल तर मात्र घासणीचा आधार जातो आणि माणूस पुढे जाण्याऐवजी जागच्या जागी बसतो. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, शेवाळलेल्या पायरीवर हा प्रयोग बारमाही चालू असतो.

हवेत असताना पृथ्वीने मामांना खाली ओढले, मामांनी पृथ्वीला वर. बळ तेवढेच. मामा मीटरभर खाली येईपर्यंत पृथ्वी किती वर आली ते आम्ही काढले: मीटरमध्ये लिहिल्यास दशांशचिन्हापुढे बावीस शून्ये, मग पहिला आकडा. मामींच्या मते हेही जास्तच आहे.

आता मुख्य प्रकरण, पोट. सूर मारताना हात आधी जातात, पाणी हळूहळू वाट देते. मामांचे सगळे पोट एकदम टेकले. वेग थोड्याच अंतरात संपवायचा, म्हणून बळ मोठे. पोटाने पाण्याला जेवढी चपराक दिली, नेमकी तेवढीच पाण्याने पोटाला दिली. पाण्याला पोट नाही, म्हणून ओरडले फक्त मामा. पूर्ण बुडाल्यावर त्यांनी नव्वदएक लिटर पाण्याची जागा घेतली, म्हणजे पाच बादल्या. काठोकाठ भरलेल्या रहाडीतून त्या पाच निघणारच होत्या. चपराकीने उडाले ते वेगळे.

त्यातले बरेचसे एका पांढऱ्या सदऱ्यावर गेले. सदऱ्याचे मालक जे बोलले त्याला लोक ‘प्रतिक्रिया’ म्हणतात. शास्त्राला हे मान्य नाही. प्रतिक्रिया त्याच क्षणी घडते, त्याच जोडीत घडते आणि कधीही क्रियेपेक्षा जास्त होत नाही. सदरेवाले तिन्ही अटींत नापास.

शेवटी मामांनी हात वर केला. मी वाकून तो धरला. माझे वजन ५२, पायांत रबरी चप्पल, खाली पिवळा राडा. मी मामांना जितके ओढले तितकेच मामांनी मला ओढले, याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांना धरायला पाणी होते, मला काहीच नव्हते.

वर आलो तेव्हा मामा माझी चप्पल शोधत होते. म्हणाले, “अरे, तुला यायचंच होतं तर आधी सांगायचं ना.”