ज्ञानाची तीन कोटेशनं

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या खरेदी खात्यात अठरा वर्षं काढलेला माणूस सहसा फसत नाही. आठ मिलिमीटरचा बोल्ट घ्यायचा असला तरी तो तीन कोटेशनं मागवतो, त्यांचा कम्पॅरेटिव्ह तक्ता करतो, सॅम्पल तपासतो आणि शेवटी सप्लायरला "दर जरा पुन्हा बघा" एवढंच म्हणून गप्प बसतो. ही गप्प बसण्याची विद्या आमच्या गृहस्थांना चांगलीच साधली होती. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी आयटीचं सर्टिफिकेशन करायचं ठरवलं, आणि गाठ पडली ती अशा सप्लायरांशी, जे स्वतःच गप्प बसत नव्हते.

ठरवायला कारण घडलं. कारखान्याचा सर्व्हर ज्या खोलीत होता तिथे इमारतीतला सगळ्यात गार एसी होता. त्यामुळे मे महिन्यात अनेकांना अचानक 'सिस्टिम बघून येतो' असं वाटायचं. तो सर्व्हर क्लाउडवर हलवायचं वरून ठरलं आणि पहिलं बिल मंजुरीसाठी गृहस्थांच्या टेबलावर आलं. आजवर त्यांनी माल किलोवर, नगावर आणि मीटरवर घेतला होता. इथे जे यंत्र कोणी पाहिलं नाही त्याचं तासावर भाडं होतं, साठवणुकीचे पैसे निराळे, आणि आपलाच डेटा आपल्याकडे परत मागवला तर त्याचेही पैसे! "गोदामातला आपलाच माल उचलायला गेटवर पैसे?" असं त्यांनी हिंजवडीत नोकरीला असलेल्या भाच्याला विचारलं. भाचा म्हणाला, "मामा, एक सर्टिफिकेशन करून टाका."

करून टाका! जणू लसच टोचून घ्यायची होती.

गृहस्थांनी रात्री एका ठिकाणी माहिती मिळावी म्हणून मोबाइल नंबर भरला. सकाळी सव्वानऊला पहिला फोन आला.

"सर, मी करिअर काउन्सेलर बोलतेय. सध्या करिअरमध्ये आपण नेमके कुठे आहात?"

"भोसरीत."

तीन दिवसांत अकरा फोन आले. प्रत्येकीने त्यांना 'सर' म्हटलं, प्रत्येकीने सवलत आज रात्री बारालाच संपत असल्याचं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बाराला संपत होती.

तेव्हा गृहस्थांनी आपलं जुनं शस्त्र काढलं. तक्ता आखला: दर, कर, डिलिव्हरी, पेमेंटच्या अटी, वॉरंटी. पहिलं कोटेशन ४८,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, सहा महिने, शनिवार-रविवार. दुसरं कर्वे रस्त्यावरच्या क्लासचं, २२,००० रुपये. रोख दिले तर 'बघू या'. तिसरा रेकॉर्ड केलेला कोर्स, १,२९९ रुपये आणि आयुष्यभराची मुभा. कोणाच्या आयुष्यभराची, ते लिहिलेलं नव्हतं. पेमेंटच्या रकान्यात पहिलीने 'पूर्ण आगाऊ' असं सांगितल्यावर गृहस्थांनी सवयीने "आमच्याकडे माल इनवर्ड झाल्यावर ४५ दिवस" असं उत्तर दिलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. अकरा फोनांत तेवढी एकच.

वॉरंटीच्या रकान्यात 'शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स' होतं. हे वाचून खरेदी खात्यातला माणूस हसतो. 'असिस्टन्स' म्हणजे हातभार. सप्लायर जेव्हा लिहून देतो की माल वेळेवर पोचवायला शंभर टक्के प्रयत्न करू, तेव्हा लॉट हमखास उशिरा येतो. डेमो लेक्चरचंही तसंच. शिकवणारा असा फर्डा, की गृहस्थांनी सहज विचारलं, बॅचला हेच सर का? उत्तर आलं, "सरांचीच टीम असते." सॅम्पल एकाचं आणि लॉट दुसऱ्याचा, हा भोसरीतला रोजचा अनुभव, त्याला रिजेक्शन स्लिप लागते, आणि ज्ञानाची रिजेक्शन स्लिप अजून छापलेली नाही.

पण तक्त्याची खरी चिरफाड पुढेच झाली. परीक्षेची फी यात धरलीय का, असं त्यांनी तिघांनाही विचारलं. तिघेही "नाही". म्हणजे हा क्लास नेमकं विकतो काय? तेव्हा उलगडलं, की सर्टिफिकेटं दोन असतात. क्लास पुरा केल्याचं प्रमाणपत्र क्लासवाला देतो. ते झळकतं आणि भिंतीवर शोभतं. नोकरी देणारा ज्याला विचारतो ते ज्या कंपनीचं तंत्र आहे ती कंपनी किंवा एखादी स्वतंत्र संस्था देते, स्वतःची परीक्षा घेऊन. सिस्कोच्या सीसीएनएची फी ३०० डॉलर. कॉम्पटियाच्या ए प्लसला एक नाही, दोन परीक्षा. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसची पहिल्या पायरीची क्लाउड प्रॅक्टिशनर १०० डॉलर, तिच्या वरची सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट १५०. आणि या परीक्षांना बसायला क्लास केलेला असण्याची अटच नाही. ४८,००० रुपयांत गृहस्थ जे घेणार होते ते पॅकिंग होतं. माल दुसऱ्याच गोदामात.

क्लास निरुपयोगी असतात असा याचा अर्थ नव्हे. सीसीएनए करणाऱ्याला राउटरपाशी बसवून शिकवणारा माणूस लाभला तर त्याची फी वसूलच होते. पण गृहस्थांना राउटर लावायचा नव्हता, बिल वाचायचं होतं. आणि ते वाचायला शिकवणारा एडब्ल्यूएसचा पायाभूत ऑनलाइन कोर्स फुकट होता. हा चौथा सप्लायर तक्त्यात कुठे बसवायचा, ते त्यांना कळेना. शून्य दराचं कोटेशन आलं की खरेदीवाला आधी घाबरतो.

ऑफिसातल्या एकाने हळूच 'डंप' देऊ केला, म्हणजे फोडलेले प्रश्न आणि उत्तरं. गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे डंप म्हणजे भंगार." सापडलं तर निकाल रद्द होतो आणि पुढच्या परीक्षांवर बंदीही येऊ शकते.

खरा सल्ला ताईने दिला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. २००१ मध्ये राज्य सरकारच्या पुढाकाराने एमकेसीएल ही कंपनी निघाली आणि तिच्या एमएस-सीआयटी या संगणक कोर्सच्या पाट्या तालुक्याच्या गावात पिठाच्या गिरणीशेजारीही लागल्या. उत्तीर्ण नाही तर वेतनवाढ नाही, या धाकाने ताईने रात्री माउस धरायला शिकून ती परीक्षा दिली. ती म्हणाली, "आधी पैसे भर नि तारीख घे. तारीख मानेवर बसल्याशिवाय आपल्या घरात कोणी अभ्यास केलेला नाही."

गृहस्थांनी क्लाउड प्रॅक्टिशनरची तारीख घेतली. पण बुकिंगपूर्वी सवयीने बारीक अक्षरातल्या अटी वाचल्या, आणि तिथे त्यांचा अठरा वर्षांचा अनुभव कामी आला. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना ३० मिनिटं जादा मिळतात, विनामूल्य. मात्र मागणी परीक्षा बुक करण्याआधी नोंदवावी लागते. पुण्यात किती मराठी माणसं हा अर्धा तास सोडून देत असतील, या विचाराने त्यांना रात्री झोप लागली नाही.

परीक्षा घरूनच दिली. टेबल मोकळं करायचं, खोलीचे चारी बाजूंनी फोटो पाठवायचे. भिंतीवरचं कालनिर्णय त्यांनी स्वतःच उतरवलं; दुधाच्या हिशोबाचे आकडे बघून उगाच कोणाला संशय यायला नको. प्रश्न ६५, मूळ वेळ ९० मिनिटं, गुण १,००० पैकी किमान ७००. त्यातल्या १५ प्रश्नांना गुणच नसतात आणि ते कोणते हे सांगत नाहीत. ५० नगांच्या ऑर्डरीवर ६५ नग तपासून द्यायचे. विसाव्या प्रश्नाला स्क्रीनवर सूचना उमटली: प्रश्न मोठ्याने वाचू नका. गृहस्थ मोठ्याने वाचत नव्हते, पण ओठ हलत होते. पाढे ओरडून पाठ केलेल्या माणसाला मनातल्या मनात वाचायला कोणी शिकवलेलंच नसतं. उरलेले ४५ प्रश्न त्यांनी खालचा ओठ दातांत धरून सोडवले.

७३८ गुण. ओठ दोन दिवस सुजलेला होता.

सर्टिफिकेटवर मुदत तीन वर्षांची. भाच्याला ही लूट वाटली, गृहस्थांना मुळीच नाही. कारखान्यात व्हर्नियर आणि मायक्रोमीटरलाही मुदत असते. त्यांनी सोमवारी प्रिंट क्वालिटी खात्यात दाखवली. तिथल्या माणसाने तारीख वाचली, ड्रॉवरमधून कॅलिब्रेशनचा गोल स्टिकर काढला, 'नेक्स्ट ड्यू' पुढे तीच तारीख लिहिली आणि गृहस्थांच्या ओळखपत्रावर, फोटोच्या बरोबर कपाळावर, चिकटवून दिला.