बिबट्याला सभासद करून घ्या

दिवाळीचा फराळ संपता संपता आमच्या नगर जिल्ह्यात दोन गोष्टी नेमाने होतात. कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडते आणि गावाच्या ग्रुपवर बिबट्याचा व्हिडिओ पडतो. या दोहोंचा काही संबंध असावा, असा संशय अजून कुणाला अधिकृतपणे आलेला नाही. त्यामुळे सावेडीपासून संगमनेरपर्यंत सगळे दरवर्षी नव्याने चकित होतात : हा आला कुठून?

येणार कुठून? तो इथलाच आहे. भंडारदऱ्याचं पाणी होतं, १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला, आणि बघता बघता माळावर ऊस डुलू लागला. वर्ष-दीड वर्ष हलत नाही, माणसाच्या डोक्यावर जातो, आत गारवा, पाणी आणि निवांतपणा. एवढं घनदाट रान वन खात्यालाही कधी लावता आलं नाही. मादी फडातच विते, पिल्लं फडातच वाढतात. मग कोयता लागतो आणि कुटुंब रस्त्यावर येतं. ऊसतोड टोळीला पिल्लं सापडली की वन खात्याचे लोक ती तिथेच क्रेटमध्ये ठेवतात आणि रात्री आई येऊन घेऊन जाते. एका रात्रीत पूर्ण होणारं जिल्ह्यातलं हे एकमेव पुनर्वसन.

जेवणाची व्यवस्थाही आपलीच. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात शेताशेतात कॅमेरे लावले, तेव्हा १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले आणि त्यांच्या आहारात सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा. आपण कचरा टाकायचा, कचऱ्यावर कुत्री पोसायची, कुत्र्यांवर बिबट्या. अशी ही त्रिस्तरीय योजना विनाअनुदानित असून सुरळीत चालू आहे. राहता राहिला माणूस. त्याला रात्रीची थ्री-फेज देऊन बॅटरी हातात धरून दारं मोडायला उसात पाठवलं की भेटीगाठीही होतात.

यावर उपाय ठरलेला आहे : पिंजरा. गावाने निवेदन द्यायचं, खात्याने पिंजरा लावायचा, आत शेळी बांधायची आणि जो सापडेल तोच गुन्हेगार समजून लांब सोडायचा. सरकारी नोकराची बदली करावी तसं. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या बिबट्याला बाहेर काढून, गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडलं. तिथून तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात जाऊन पोचला. त्याच्यावर ‘आजोबा’ नावाचा सिनेमाही निघाला. बदली रद्द करून मुंबई गाठायला माणसाला यापेक्षा जास्त खेटे घालावे लागतात.

२०२५ च्या नोव्हेंबरात नगर तालुक्यातल्या खारेकर्जुन्यात एका चिमुरडीचा जीव गेला. तिथे विनोद थांबतो. राज्यकारभार मात्र थांबला नाही. पुढच्याच महिन्यात नागपूरच्या अधिवेशनात जुन्नरचे आमदार बिबट्याचा वेश घालून आले आणि वनमंत्र्यांनी एक कोटीच्या शेळ्या जंगलात सोडण्याची कल्पना मांडली. मृताच्या वारसांना पंचवीस लाख द्यावे लागतात, चार मृत्यूंचे एक कोटी होतात, त्यापेक्षा शेळ्या बऱ्या, असा हिशेब. अडचण एवढीच, की उसात जन्मलेल्या बिबट्याला जंगल कुठल्या बाजूला आहे ते सांगायचं कुणी?

शेतीला दिवसा वीज, गावाबाहेर न साठणारा कचरा, बंदिस्त गोठा, तोडणीच्या आधी वस्तीला सूचना, असेही काही उपाय आहेत म्हणतात. पण त्यांत उद्घाटनाला फीत कापता येत नाही. म्हणून आमची नम्र सूचना : बिबट्याला कारखान्याचा सभासद करून घ्या. ऊस राखतो, रानडुकराला धाक देतो, पात्रता पूर्ण आहे. एक शेअर नावावर करा, वार्षिक सभेचं निमंत्रण पाठवा, ऊस तुटून जायला किती महिने थांबावं लागतं ते त्यालाही कळू द्या. आणि मग उसाच्या थकलेल्या बिलासाठी दोन हंगाम चकरा मारायला लावा. पिंजरा नको, भूल नको, शेळी नको. तो आपल्या पायांनी जिल्हा सोडून जाईल.