पंचवीस डॉलर, उचलणं तुमचं

यार्ड सेलमध्ये शिलाई मशीन कधीच पुढच्या टेबलावर नसतं. पुढे असतात लहान मुलांचे कपडे, जोडी हरवलेल्या बश्या, कुठल्याशा मॅरेथॉनचे मग आणि एकदाच वापरून माळ्यावर गेलेलं ब्रेड करायचं यंत्र. मशीन हवं असेल तर गराजच्या अर्धवट उघड्या शटरखालून वाकून आत बघावं लागतं. तिथे कोपऱ्यात एक बुटकं टेबल असतं. त्यावर वाळलेल्या झाडाची कुंडी, कुंडीखाली पाण्याचा गोल डाग आणि डागाशेजारी किमतीची चिठ्ठी. किंमत टेबलाची असते. आत मशीन आहे हे पुष्कळदा विकणाऱ्याच्याही गावी नसतं. कुंडी बाजूला करायची, झाकण डावीकडे उलटायचं, पोकळीत हात घालून लागेल ते गार लोखंड वर ओढायचं. खट्ट होतं, आणि काही दशकं खाली मुंडी घालून बसलेलं सिंगर उजेडात येतं. काळं कुळकुळीत, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. विकणाऱ्या बाई म्हणतात, “अरेच्चा, हे इथे होतं होय!” आणि चिठ्ठीवरचा आकडा वाढवावा की काय, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावरून सरकून जातो.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मे महिना लागला की शनिवारी सकाळी इथल्या खांबाखांबावर पोपटी, गुलाबी पुठ्ठे चिकटतात. त्यांवर मार्करने काढलेला बाण आणि घाईत खरडलेला पत्ता. दूध आणायला निघालेली मी त्या बाणांमागे जाते; दूध दुपारपर्यंत येतं. नवऱ्याने यावर बोलणं सोडलं आहे. फक्त गाडीच्या डिकीत एक जुनी सतरंजी कायमची अंथरून ठेवली आहे. त्याच्या मते हा निषेध आहे. मी ती संमती धरते.

आमच्या भागात ही मशीनं इतकी सापडतात याला कारण आहे. इथून अर्ध्या तासावर एलिझाबेथ नावाचं शहर आहे. तिथे सिंगरचा अवाढव्य कारखाना १८७३ साली सुरू झाला आणि १९८२ साली बंद पडला. मशीनच्या पाटावर उजव्या हाताला एक नंबर ठोकलेला असतो. त्याच्या आरंभीच्या दोन अक्षरांतलं पहिलं ‘ए’ असेल तर मशीन एलिझाबेथचं, ‘ई’ असेल तर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचं. क्लाइडबँकचा कारखाना १९८० साली मिटला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून ‘सिंगर’च आहे. इकडे एलिझाबेथच्या आसपास कुणाचा तरी काका, कुणाची तरी मावशी त्या कारखान्यात होतीच. मला एक मशीन विकणाऱ्या आजोबांचे वडील तिथे ओतकाम करायचे. आजोबा सांगत होते, “आई कधी म्हणाली की मशीन टाके सोडतंय, तर बाबा जेवायचे नाहीत.”

सिंगरने मशीनं विकली तीही कोणत्या युक्तीने! आयझॅक सिंगर यांचे भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी १८५६ च्या सुमाराला मशीन हप्त्यांवर द्यायला सुरुवात केली. थोडे पैसे आज, बाकीचे दरमहा. मग काय, शेतावरच्या घरापासून शहरातल्या भाड्याच्या खोलीपर्यंत मशीन पोचलं. आणि जे पोचलं ते मोडेचना. बिडाचं लोखंड, पोलादी दांडे, तेल घालत राहिलं तर झिजायचं नाव नाही. त्यामुळे आज अडचण अशी आहे की माणसं गेली, घरं विकली गेली, मशीनं मात्र शाबूत. एवढं चांगलं चालणारं यंत्र कचऱ्यात टाकायला हात धजत नाही आणि घरात ठेवायला जागा नाही. यार्ड सेलमधला भाव मशीनचा नसतो, या पेचातून सुटण्याचा असतो. ‘पंचवीस डॉलर, उचलणं तुमचं’ यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा. नुसतं लोखंडी मशीनच १३-१४ किलोचं, वर लाकडी टेबल.

अर्थात काही विक्रेत्यांना आपल्या घरात खजिना सापडलाय असं वाटतं. याला जबाबदार एक निळ्या काठाचा पितळी बिल्ला आहे. कंपनीला शंभर वर्षं झाली तेव्हाच्या मशीनांवर सिंगरने ‘१८५१–१९५१’ असं कोरलेला बिल्ला लावला. लोक पहिलाच आकडा वाचतात. मग चारशे डॉलरची चिठ्ठी लागते आणि आवाज खाली आणून सांगितलं जातं, “अठराशे एक्कावन्नचं आहे, बरं का.” मी मशीनच्या मानेमागचा विजेचा बल्ब नुसता बोटाने दाखवते. १८५१ साली थॉमस एडिसन चार वर्षांचे होते, आणि आम्ही त्यांच्याच नावाच्या गावात उभे असतो. तरीही पटत नाही. “बल्ब नंतर बसवला असेल,” असं उत्तर येतं. यापुढे वाद घालू नये. पावसाची चिन्हं असतील तर दुपारी पुन्हा चक्कर मारावी.

दुसरी तऱ्हा याच्या अगदी उलट. मशीन आजीचं असतं, आणि नातीला ते विकायचं नसून स्थळ बघून द्यायचं असतं. “घरी कोण शिवतं?” “जागा आहे ना?” “आधीचं एखादं आहे का?” या तिसऱ्या प्रश्नाला मी नेहमी मोघम उत्तर देते. सगळ्यात कळीचा प्रश्न मात्र शेवटी येतो: “तुम्ही याचा दिवा तर करणार नाही ना?” भीती खोटी नाही. मशीनचा टेबललॅम्प करणारे आहेत, पायमशीनच्या बिडाच्या सांगाड्यावर संगमरवर टाकून हात धुवायचं बेसिन करणारे आहेत. ऑलसेंट्स नावाच्या ब्रिटिश कपड्यांच्या दुकानांनी तर जुनी मशीनं शेकड्यांनी गोळा करून काचेमागे रचून ठेवली. पुण्यातल्या कॅफेमध्येही मी त्या सांगाड्यावर कोल्ड कॉफी प्यायले आहे. खाली पाय ठेवला की पायडल हलतं, वर कप हिंदकळतो. मला यात अपमान वगैरे दिसत नाही. पण सगळे दात शाबूत असलेल्या माणसाला कवळी बसवण्याची ही हौस मला कळत नाही.

या छंदातल्या जाणकारांना विचाराल तर ते ‘फेदरवेट’चं नाव घेतील. मॉडेल २२१. १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमाराला बाजारात आलं. अ‍ॅल्युमिनियमचं, अकरा पौंडांचं, म्हणजे पाच किलो, छोट्या काळ्या पेटीत बसणारं. गोधड्या शिवणाऱ्या अमेरिकन बायका यावर जीव टाकतात. शिवणाच्या वर्गाला एका हातात पेटी घेऊन जाता येतं. यार्ड सेलमध्ये मला ते कधी सापडलेलं नाही. सूर्य उगवायच्या आत हातात बॅटरी घेऊन फिरणारी मंडळी ते आधीच उचलतात, आणि पुढे त्याचे शेकड्यांनी डॉलर होतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. जे पैशाने महाग झालं ते लोक जपतात, पुसतात, त्याचे फोटो काढतात. त्यावर झाडाची कुंडी कुणी ठेवत नाही, पण परकरही कुणी शिवत नाही.

आता थोडं आयझॅक सिंगर यांच्याबद्दल बोललं पाहिजे, कारण त्यांना आपल्या गांधीजींनी फार चांगलं प्रशस्तिपत्र देऊन ठेवलं आहे. यंत्रांना तुमचा विरोध का, असं १९२४ साली विचारलं गेलं, तेव्हा गांधीजींनी शिवणयंत्राचा सन्माननीय अपवाद केला. बायको एकेक टाका घालत कष्टते आहे हे सिंगर यांना बघवलं नाही आणि प्रेमापोटी त्यांनी हे यंत्र काढलं, अशी हकीकत त्यांनी सांगितली. हकीकत गोड आहे. प्रत्यक्षात सिंगर हे नाटकात कामं करणारे, धिप्पाड, तापट गृहस्थ. बोस्टनच्या एका कारखान्यात दुरुस्तीला आलेलं दुसऱ्याचं मशीन बघून यात सुधारणा करता येईल असं त्यांना वाटलं आणि १८५१ साली त्यांनी पेटंट घेतलं. बायको म्हणाल तर एकाच वेळी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे एकाहून जास्त संसार चालू होते आणि मुलांची संख्या वीसच्या वर गेली. प्रेमापोटी केलं हे म्हणणं मग अगदीच चूक म्हणता येत नाही. एवढ्यांचे कपडे हाताने शिवणार कोण?

मशीन घरी आलं की पहिले काही दिवस ते गराजमध्येच राहतं, कारण त्याचं चाक फिरत नाही. जुनं तेल वाळून आत राळेसारखं घट्ट झालेलं असतं. जिथे लोखंडाला लोखंड घासतं तिथे तिथे रॉकेल सोडायचं आणि वाट बघायची. संध्याकाळी येऊन चाकाला हलकेच झोका द्यायचा. एखाद्या दिवशी ते केसभर सरकतं, आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण फिरतं. वायर मात्र आधी तपासायची. जुन्या रबराचा भुगा झालेला असतो आणि प्लग लावायचा मोह झाला तर मशीनआधी आपण चालू होतो. सुईखालची पट्टी दोन स्क्रू काढून उचलली की खाली जाजमाच्या तुकड्यासारखा दाबून बसलेला धाग्यांचा थर निघतो: निळा, पांढरा, लाल, पुन्हा निळा. टाचणीने तो उलगडत बसायला मला आवडतं. एका मशीनमध्ये सगळा थर पिवळाच होता. कुणीतरी घरभराचे पडदे शिवले असावेत.

टेबलाचा खण हे तर वेगळं प्रकरण. त्यात हिरव्या खोक्यात चुण्या घालायचं, दुमड घालायचं, गोट लावायचं अशी भारी भारी अवजारं असतात आणि ती बहुधा कुणी वापरलेली नसतात. त्याखाली सुट्टी बटणं, सुयांची कागदी पाकिटं, आणि अर्धवट भरलेल्या बॉबिन. यातलं सुयांचं गणित मला फार आवडतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या या घरगुती मशीनांना आज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी नेहमीची सुई बसते. गेल्या पंधरा वर्षांत माझ्या फोनच्या चार्जरची पिन किती वेळा बदलली ते मी आता मोजत नाही.

या सगळ्याचं कौतुक मी पुण्याला फोनवर सांगते तेव्हा माझी वहिनी शांतपणे म्हणते, “अगं, आमच्या पिकोवाल्याकडे आहे की तेच.” आणि ते खरंच आहे. इथे ज्याला व्हिंटेज म्हणून हात लावायच्या आधी परवानगी मागतात, ते तिकडे जिन्याखाली, दीड माणसाच्या जागेत, एका पायावर दिवसभर चालतं. काळ्या मशीनची ती जुनी घडण उषा आणि सिंगर आजही आपल्याकडे नवी करकरीत विकतात. तरीही एकदा मला इथून एखादं मशीन तिकडे न्यायचं होतं. नवऱ्याने बॅगेची २३ किलोची मर्यादा, मशीनचं वजन आणि ११० व्होल्टची मोटर एवढ्या तीन गोष्टी एका कागदावर लिहून फ्रिजवर लावल्या. खाली लिहिलं: चितळ्यांची बाकरवडी येताना कशात आणणार? कागद अजून आहे.

आणि मी शिवते काय? बिल्लेवालं जे मशीन बैठकीच्या खोलीत आहे, ते फक्त सरळ टीप मारतं, पुढे आणि मागे. मला तेवढं पुरतं, कारण माझ्याकडे जे काम येतं त्याला झिगझॅग लागत नाही. गणपतीच्या आधी पंधरा दिवस महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणी ब्लाउज घेऊन येतात. सगळ्यांचे ब्लाउज धुण्यात आटलेले असतात. निदान तसं ठरलेलं आहे. दादरच्या, पुण्याच्या शिंप्यांनी दूरदृष्टीने आत भरपूर माया सोडलेली असते. जुनी टीप उसवायची, बाहेरच्या अंगाने नवी मारायची. एलिझाबेथच्या कारखान्यातून निघताना या मशीनने काय काय स्वप्नं पाहिली असतील ठाऊक नाही, पण खणाच्या कापडाच्या चारी पदरांतून आणि रेशमी अस्तरातून ते न कुरकुरता जातं. परवा एक मैत्रीण कैऱ्यांची पिशवी आणि तीन ब्लाउज घेऊन आली होती. शेजारी उभी राहून बघत होती. “केव्हाचं गं हे?” मी सांगितलं, एक्कावन्न सालचं. “म्हणजे माझ्याहून मोठंच,” ती खूश होऊन म्हणाली आणि दुसरा ब्लाउज उलटा करून माझ्यापुढे सरकवला. “याला दंडात अर्धा इंच. नाही, पाऊणच कर, नैवेद्याला एकवीस मोदक आहेत.”