भुताला विनोदी लेखक हवा

'हेरेडिटरी' (2018) पाहताना मी भुतापेक्षा त्या घरातल्या जेवणाच्या टेबलावरच्या भांडणाला जास्त घाबरलो. त्याच्याच दिग्दर्शकाने, अ‍ॅरी अ‍ॅस्टरने, 'मिडसॉमर'मध्ये भर उन्हात माणसं मारली. तेवढंच लाइटचं बिल वाचलं. 'अ क्वाएट प्लेस'मध्ये आवाज केला की मरण. तो नियम आपल्या प्रेक्षागृहात लावला, तर मध्यंतरापर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या. हिंदीतल्या भुताला मात्र हल्ली संवादलेखक विनोदीच लागतो: 'स्त्री' घ्या, 'मुंज्या' घ्या. पिंपळावरचा मुंजा उतरला तो थेट कॉम्प्युटरमध्ये, तरी लग्नाचा हट्ट सुटेना! 'तुंबाड'चा हस्तर तेवढा अस्सल. 2018 मध्ये त्याला गर्दी जेमतेम. 2024 मध्ये पुन्हा लावला, तर पहिल्यापेक्षा मोठा गल्ला. मेल्यावर खरोखर उठून बसलेलं भूत हे एकच.