या दारातून त्या दारात

जर्मनीत सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडीचा सर्वांत खडतर प्रवास मोजक्या पावलांचा असतो : तपासणी हॉलच्या पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत. नवी गाडी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी या वाटेला लागते. आपल्याकडच्या पासिंगला तिकडे 'ट्यूफ' म्हणतात. बॉयलर फुटू नयेत म्हणून १८६६ साली मानहाइममध्ये स्थापन झालेलं मंडळ हे त्याचं मूळ. बॉयलर गेले, तपासनिसाच्या चेहऱ्यावरचा संशय राहिला.

पहिला मुक्काम दिव्यांचा. स्वतःची स्वतः पार्क होणारी गाडी इथे हेडलाइटचा झोत नको तिथे पाडून अडकते. मग प्रथमोपचार पेटी. ती नसली तर किरकोळ दोष लिहिला जातो. तेवढ्याने कोणी नापास होत नाही, मालक मात्र सीटखाली शिरतो.

टायरवरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. बॅटरीचं वजन आणि सिग्नल सुटताच शेजारच्या पोर्शला मागे टाकण्याची हौस, दोन्हींचा खर्च रबराच्या नावे पडतो.

खरा घाट ब्रेकच्या रोलरवर. इलेक्ट्रिक गाडीचा वेग बहुतेक वेळा मोटरच कमी करते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत भरते. ब्रेक मात्र घरजावयासारखे बसून असतात. त्यात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. मागच्या डिस्क गंजतात, आणि रोलरवर डावं चाक एक सांगतं, उजवं दुसरंच. उपाय सोपा आहे : मोकळा रस्ता बघून, मोटरचा रोध बंद ठेवून, अधूनमधून कचकन ब्रेक दाबणे. फोक्सवॅगनने आयडी ३ आणि आयडी ४ यांच्या मागच्या चाकांना थेट जुन्या वळणाचे, झाकलेले ड्रम ब्रेक बसवले. भविष्यकाळाला आजोबांची मदत घ्यावी लागली, ती अशी.

लिफ्टवर गाडी उचलली की सस्पेन्शनचे आर्म आणि बुश कुरकुरतात. ट्यूफच्या २०२६ च्या अहवालात दोन-तीन वर्षं वयाच्या गाड्यांत टेस्ला मॉडेल वाय तळाला होती : १७.३ टक्के गाड्यांत गंभीर दोष. टेस्लाला दरवर्षीच्या सर्व्हिसिंगची सक्ती नाही, त्यामुळे दुखणं आधी कोणी पाहतच नाही. विजेला मात्र बोल लावता येत नाही. त्याच अहवालात इलेक्ट्रिक मिनी कूपर वरच्या रांगेत आहे.

नारिंगी हाय-व्होल्टेज केबल नजरेखालून जातात. धुराची चाचणी नाही, कारण धूरच नाही. आणि जिच्यासाठी गिऱ्हाईक एवढे पैसे मोजतं, त्या बॅटरीत किती जीव उरलाय, हे या तपासणीत कोणी विचारत नाही.

गंभीर दोष निघाला तर महिन्याभरात दुरुस्त करून पुन्हा यायचं. गाडी रस्त्यावर आणण्याच्याच लायकीची नसेल, तर नंबरप्लेटवरचा गोल स्टिकर खरवडून काढतात आणि पुढचा प्रवास टो-ट्रकच्या पाठीवरून होतो.