३० कोटींची अशांतता

ऑक्टोबर २०२५मध्ये केंद्राच्या दरबारी गडचिरोली जिल्ह्याची पदावनती झाली आणि कुणी साधा निषेधाचा ठरावही केला नाही. उलट सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. ते रास्तच होतं म्हणा. माओवाद्यांच्या पॉलिट ब्यूरोतला नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती १५ ऑक्टोबरला साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रं ठेवून मोकळा झाला. त्याच सुमारास केंद्रीय गृहखात्याने माओवादामुळे ‘अतिप्रभावित’ जिल्ह्यांची यादी सहावरून तीनवर आणली. उरलेले तिन्ही जिल्हे छत्तीसगडचे: बिजापूर, सुकमा, नारायणपूर. एप्रिलच्या यादीत महाराष्ट्रातून एकट्या गडचिरोलीचा नंबर लागला होता. तो गेला.

आता जरा हिशेबाकडे या. ‘विशेष केंद्रीय साहाय्य’ नावाची एक योजना आहे. तिच्यात अतिप्रभावित जिल्ह्याला वर्षाला ३० कोटी रुपये. त्याच्या खालची पायरी ‘चिंतेचे जिल्हे’, त्यांना १० कोटी. म्हणजे जिल्ह्यात सुरुंग फुटत असतील तर ३० कोटी, फुटतील की काय अशी धाकधूक असेल तर १०. आणि काहीच फुटत नसेल तर? तर तुम्ही सुखी आहात, देवाचे आभार माना.

सरकारी कागदावर याला तर्क आहे. ही मदत सुविधांमधल्या तातडीच्या उणिवा भरून काढण्यासाठी आहे, कायमची नव्हे. कबूल. पण पर्लकोटा नदीच्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेलं की भामरागड जगापासून तुटतं, हे दर पावसाळ्याला होत आलंय आणि ते नक्षलवाद्यांना विचारून होत नव्हतं. आलापल्लीहून निघालेली गाडी अलीकडे थांबते, पलीकडे तालुक्याचं गाव दिसत असतं, आणि मधे तांबडं पाणी. पेशंट असला तर त्याने पाणी उतरेपर्यंत दम धरायचा. नदीला वर्गवारी नाही. मलेरियाच्या डासालाही नाही. त्यांनी शस्त्रं ठेवल्याची बातमी अजून तरी आलेली नाही.

मुळात या जिल्ह्याला पैसा मिळाला तो कशामुळे, हे नीट आठवून बघा. २६ ऑगस्ट १९८२ला चंद्रपूर तोडून गडचिरोली वेगळा जिल्हा केला. त्यानंतर बराच काळ राज्याच्या नकाशात या कोपऱ्याचा उपयोग एकच होता: मुंबई-पुण्यातल्या अधिकाऱ्याला सरळ करायचं झालं की साहेब म्हणायचे, “गडचिरोलीला टाकीन.” बदलीची धमकी म्हणून हा जिल्हा फार गुणकारी होता. गेलेल्यांना पुढे एकस्तर वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ताही मिळू लागला. धोक्याचं मोल त्यांच्या पगारात तरी चढलं. तिथेच जन्मलेल्या माडिया आदिवासीला असा भत्ता देण्याची तरतूद कुठल्या शासन निर्णयात आहे का, जाणकारांनी शोधावं.

मग २०१०मध्ये दिल्लीने ‘एकात्मिक कृती आराखडा’ आणला. देशातल्या साठ जिल्ह्यांना पहिल्या वर्षी प्रत्येकी २५ कोटी, दुसऱ्या वर्षी ३०. आमच्याकडून गडचिरोली आणि गोंदिया. पैसा खर्च कसा करायचा ते तिघांनी ठरवायचं: जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि विभागीय वनाधिकारी. या तिघांची निवड ज्याने केली त्याला विनोदाची उत्तम जाण असली पाहिजे. आदिवासीची आयुष्यभराची भांडणं ज्या तीन कार्यालयांशी, नेमकी तीच तीन एका टेबलाशी बसवली आणि सांगितलं, याचं मन जिंका. तलाठी-तहसीलचा खेटा जिल्हाधिकाऱ्यांच्या वाट्याचा, रात्री-अपरात्री चौकशीला उचलण्याची तक्रार पोलिसांच्या, आणि जंगलातून बांबू तोडला म्हणून कुऱ्हाड जप्त करणं वनखात्याच्या. गावातला माणूस समितीत नव्हता. जिल्हा परिषदेचा अध्यक्ष नव्हता, आमदार-खासदार नव्हते. आमदार नव्हते हे काहींच्या मते योजनेचं मोठंच वैशिष्ट्य होतं, तो भाग वेगळा.

२०१५मध्ये ही योजना गुंडाळली आणि २०१७मध्ये विशेष केंद्रीय साहाय्य म्हणून पुन्हा उघडली. मधल्या काळात माओवादी रजेवर गेल्याचं ऐकिवात नाही. नवी योजना आली ती पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाच्या छत्रीखाली. शाळेची खोली, दवाखान्याची भिंत, गावातला सिमेंट रस्ता, सगळं पोलीस आधुनिकीकरण. पोरं बाराखडी शिकतात आणि दल आधुनिक होतं.

पोलिसांची थट्टा मात्र इथेच थांबवतो, कारण कामाच्या बाबतीत त्यांनी बाकीच्या खात्यांची पार लाज काढली आहे. छत्तीसगडच्या सीमेवर वांगेतुरीला २०२३च्या नोव्हेंबरात त्यांनी चोवीस तासांत अख्खं पोलीस मदत केंद्र उभं केलं. जानेवारीत गर्देवाड्याला दुसरं. मग रस्ता झाला, आणि १ जानेवारी २०२५ला त्या भागात पहिल्यांदा एसटी धावली. मुख्यमंत्री स्वतः तीत बसून गेले. स्वातंत्र्याला तेव्हा सत्याहत्तर वर्षं झाली होती. एसटीला उशीर व्हायचाच, इतका होईल असं नव्हतं वाटलं.

उलट वडसा ते गडचिरोली या ५२ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाकडे बघा. मंजूर होऊन दशक उलटून गेलं, तरी जिल्ह्याच्या मुख्यालयाला शिट्टी ऐकू आलेली नाही. जिल्ह्यात रेल्वेचं स्टेशन म्हणाल तर ते वडश्यालाच. माझी नम्र सूचना आहे की रेल्वेमार्ग हे पोलीस मदत केंद्र आहे असं कागदोपत्री जाहीर करावं. चोवीस तासांत नाही, तरी चोवीस महिन्यांत होईल.

‘पोलीस दादालोरा खिडकी’ नावाचा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. काटेरी तारा, वाळूच्या गोण्या, मोर्चावर बंदूकधारी जवान, आणि आत टेबलाशी एक शिपाई जातीच्या दाखल्याचा अर्ज भरून देतोय. तिथेच वाहन चालवण्याच्या परवान्याची सोय, तिथेच बियाणं, तिथेच नोकरीच्या मेळाव्याची नोंद. महसूल, आरटीओ, कृषी आणि रोजगार अशी चार खाती एका खिडकीत. लोक येतात, कारण काम होतं. त्याबद्दल त्या शिपायाला सलाम. पण एक शंका राहतेच. ही चार खाती पगार कुठे घेतात? आणि उद्या नक्षलवाद संपला म्हणून ठाणं हलवलं, तर दाखला काढायला माणसाने कुठे जायचं? संध्याकाळी कुलूप लावून तालुक्याला राहायला जाणाऱ्या तलाठ्याकडे?

शांततेच्या निधीतला सगळ्यांत कडू प्रकार म्हणजे नक्षल गावबंदी. कल्पना अशी, की गावाने ठराव करायचा: आम्ही नक्षलवाद्यांना गावात येऊ देणार नाही, जेवण देणार नाही. ठराव झाला की विकासकामांना काही लाखांचा निधी. मंत्रालयात वाचायला किती छान वाटतं! आता तोच कागद एटापल्लीच्या आतल्या एखाद्या पाड्यात बसून वाचा. रात्री दहा बंदुका दारात येतात आणि विचारतात, ठरावावर सही कुणाकुणाची? गावाला हातपंप हवा होता. त्यासाठी त्याने आधी नक्षलवाद्यांच्या सशस्त्र दलमशी लेखी वैर पत्करायचं. पुण्यातल्या कुठल्या सोसायटीला नळजोडणी देताना अशी अट घातली असती तर उच्च न्यायालय रविवारी बसलं असतं.

आणि रस्त्याच्या पैशाला फाटे कसे फुटत हे तर जिल्ह्यातलं शेंबडं पोर सांगेल. टेंडर निघालं की कंत्राटदार ‘वरच्यांचं’ बघायचा आणि मग ‘आतल्यांचं’. तेंदूपत्त्याच्या ठेकेदारालाही हाच नियम. माओवादाचा बंदोबस्त करायला आलेल्या निधीतला एक वाटा माओवाद्यांच्या पोटात जायचा, मग त्यांचा बंदोबस्त करायला आणखी निधी लागायचा. इतकं स्वावलंबी अर्थचक्र सहकार खात्यालाही जमलं नसेल.

आता म्हणे चिंता नाही, कारण लोखंड आलंय. सुरजागडच्या डोंगरावर डिसेंबर २०१६मध्ये माओवाद्यांनी खनिज वाहणारी पाऊणशेच्या घरातली वाहनं एका झटक्यात जाळली होती. २०२१पासून तिथे खाण जोरात आहे, कोनसरीला कारखाना आहे, आणि जिल्हा ‘पोलादाची राजधानी’ होणार असं मुख्यमंत्री, जे जिल्ह्याचे पालकमंत्रीही आहेत, सांगत असतात. त्याच डोंगरावर ठाकुरदेव आहे. त्याचं पुनर्वसन कुठल्या निधीतून, ते कुणी बोललेलं नाही.

कायद्याने जुन्या खाणपट्ट्याच्या स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जमा होते. उद्देश: खाणीमुळे ज्यांचं नुकसान झालं त्यांचं भलं. म्हणजे गृहखात्याचे ३० कोटी गेले तरी खनिजाचे ३० टक्के आहेत. पण हाही पैसा नुकसानीचाच. आधी बंदुकीची नुकसानभरपाई होती, आता ट्रकची. आष्टी-आलापल्ली रस्त्यावर खनिजाच्या गाड्यांमागे दुचाकीवरून जाऊन बघा. शर्ट कुठल्या रंगाचा घातला होता हे घरी पोचेपर्यंत विसरायला होतं, आणि घरी पोचलात तर नशीबवान.

खनिजाच्या पैशातून शांतता विकत घेण्याचा प्रयोग कोलंबियाने आपल्याआधी करून पाहिला आहे. २०१६मध्ये तिथे सरकार आणि ‘फार्क’ बंडखोर यांच्यात करार झाला. युद्धाने पोळलेले १७० तालुकेवजा भाग निवडले, गावोगाव लोकांना बसवून विचारलं, काय हवंय? यादी झाली तेहतीस हजारांच्या आसपास मागण्यांची. रस्ता, पाणी, दवाखाना, शाळा. (आपल्याकडे विचारलं तर हीच यादी येईल, फक्त भाषा माडिया.) तेल आणि खाणींच्या स्वामित्वधनातला हिस्सा खास शांततेसाठी बाजूला ठेवला. २०२२मध्ये तिथल्या पत्रकारांनी आरोप छापले, की या कामांच्या मंजुरीसाठी लोकप्रतिनिधी आणि तपासणी करणारे अधिकारी ठरावीक टक्के घेत होते. बोगोटा आणि मुंबई यांच्यात अर्ध्या पृथ्वीचं अंतर आहे. टक्केवारीला मात्र व्हिसा लागत नाही.

हे सगळं चालू असताना धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने कुणाच्याही यादीत नाव न लावता स्वतःचा निधी उभा केला. २००९मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू आमचा म्हणाले. वनखातं म्हणालं, बांबू तुमचा, पण वाहतूक परवाना आमचा. म्हणजे तोडा, पण गावाबाहेर नेऊ नका. हा तिढा सोडवायला २०११च्या एप्रिलमध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांना गावात यावं लागलं आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावं लागलं. त्यानंतर ग्रामसभेने बांबू विकला, मजुरी दिली, पैसे बँकेत ठेवले, आणि हिशेब सगळ्यांसमोर वाचला. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकजण जरी नाही म्हणाला तरी विषय पुढे ढकलायचा. मंत्रिमंडळात ही पद्धत आणली तर चहासुद्धा मंजूर होणार नाही.

पुढे कोरचीकडच्या ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली. कित्येक गावं तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात, ठेकेदाराशी भाव स्वतः ठरवतात. चुका होतात, ठेकेदार बुडवतातही, भांडणं तर होतातच. पण गेल्या पंधरा वर्षांत या जिल्ह्यात सरकारी मदतीशिवाय जमा झालेला, आणि चारचौघांत मोजला गेलेला पैसा कुठे दाखवायचा झाला, तर तो याच गावांच्या पासबुकात दाखवावा लागेल. त्यासाठी त्यांना कुणाला गावबंदी करावी लागली नाही. वनरक्षकाला केली असेल एखादवेळी.

या गावांना आजवर मिळालं काय? जनजागरण मेळाव्यात साड्या, ब्लँकेटं, भांडी आणि क्रिकेटचे संच. कोट्यवधी रुपये जमा होणाऱ्या खनिज प्रतिष्ठानच्या बैठकीत त्यांच्यातलं कोण, कितीजण आणि मतासकट बसतं, ते मात्र कुठल्या मेळाव्यात सांगितलेलं ऐकलं नाही.

गृहखात्याची वर्गवारी सुटली, नक्षलवाद संपवायला मार्च २०२६ची मुदतही ठरवून दिली होती, आता नव्या वर्गवारीचं बोला. पर्लकोटेमुळे किती दिवस तुटतं ते मोजा, दवाखाना किती किलोमीटर ते मोजा, रस्त्यावरून रोज किती ट्रक जातात ते मोजा. ‘अतिप्रभावित’ आम्ही आहोतच, फक्त कारण बदलून लिहा आणि ३० कोटी चालू ठेवा. आणि ते खर्च करायला जी तिघांची, चौघांची समिती नेमाल तिच्यात ग्रामसभेची एक खुर्ची टाका. जागा कमी पडली, तर वनखात्याच्या साहेबांना थोडं सरकायला सांगा. जंगलातून सरकले नाहीत, टेबलापाशी तरी सरकतील.