आधी शुल्क, मग नळ

पुण्याच्या हद्दीत २०२१ साली २३ गावे आली. तिथली शिस्त वाखाणण्याजोगी आहे. बिल्डर विकास शुल्क रोख भरतो, ते चौरस फुटाच्या दरात मुरवतो. ग्राहक वीस वर्षांच्या हप्त्यांत व्याजासह फेडतो. २०२२ पासून दस्तावर एक टक्का मेट्रो अधिभार. मग मेट्रो दारातून जावो वा दहा किलोमीटरवरून. पाण्याचीही चोख सोय आहे: पहाटे सोसायटीच्या गेटवर टँकर भोंगा वाजवतो.

या ओझ्याखाली वन-बीएचके परवडेना, तेव्हा बिल्डरांनी समंजसपणे थ्री-बीएचके काढले. आता शेवटची सुधारणा बाकी आहे. घरे वगळून नुसते शुल्कच मंजूर करावे. रहिवासीच नसले, तर रस्ता-पाणी मागणार कोण?

सूचना विचाराधीन आहे. छाननी शुल्क भरल्याची पावती जोडावी.